दुसरा पडदा

घरात एक वस्तू धडधाकट असताना तशीच दुसरी आणावी, ही आमच्या घराण्याची रीत नव्हे. एका घड्याळावर घर नीट चालते. दोन घड्याळे टांगली की खरे कोणते याचा वाद सुरू होतो, असे आमचे वडील म्हणत असत. म्हणूनच आमच्या मेजावर संगणकाचा एक पडदा उत्तम चालत असताना त्याच्या शेजारी दुसरा येऊन बसला, तेव्हा आमच्या सहकारी शिक्षकांना मोठे नवल वाटले. त्यांच्यापैकी एकाने मधल्या सुट्टीत चहा घेता घेता विचारले, “काय सर, डोळे दोन म्हणून पडदेही दोन?” त्या वेळी आम्ही हसून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न विनोदाचा असला, तरी त्याचे उत्तर विनोदाचे नाही. ते या पानांतून द्यावे, असे मनात आहे.

पडदा या शब्दाचा आमच्या भाषेत मोठा गोतावळा आहे. नाटकाचा पडदा वर जातो, खिडकीचा पडदा बाजूला सरतो, कानाला पडदा असतो, तसा डोळ्यालाही असतो. यांपैकी डोळ्याच्या पडद्याने आमच्या घरात प्रवेश केला तो दोन वर्षांपूर्वी. आमच्या मातोश्री आता पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर आहेत. मोतीबिंदू काढून झाल्यावरही त्यांना वर्तमानपत्रातली अक्षरे मधोमध पुसल्यासारखी दिसू लागली. डॉक्टरांनी तपासून सांगितले, की डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मध्यभाग वयोमानाने झिजत चालला आहे. झीज सावकाश होईल. मात्र जे झिजले ते भरून येणार नाही. माणसे ओळखू येतील, घरात वावरता येईल. बारीक अक्षर मात्र हळूहळू दुरावत जाईल.

ही गोष्ट एरवीही दुःखाचीच होती. पण तिला आणखी एक कारण येऊन मिळाले. गोव्यात साखळीजवळच्या खेड्यात मातोश्रींचे माहेर. ते जुने घर उतरवायचे ठरले, तेव्हा माळ्यावरच्या एका पेटीत आमच्या आजोबांची, म्हणजे मातोश्रींच्या वडिलांची, एक वही सापडली. कीर्दीसारखी लांबट, कापडी बांधणीची, १४४ पानांची. चोर्ल्याच्या घाटातून ती बेळगावला आमच्या घरी आली. १९५४ पासून १९६१ पर्यंतच्या नोंदी तीत आहेत. पाऊस कधी लागला, भात किती झाले, देवळाच्या उत्सवात कोणते नाटक बसवले आणि कोणाला कोणती नक्कल दिली, कोणाच्या घरी पाळणा हलला, कोण निवर्तले, कोणत्या दुखण्यावर कोणता पाला उगाळला. असा सारा संसार बाळबोध अक्षरांत उतरलेला. कसरीने कडा कुरतडल्या आहेत, दमट हवेने शाई फुटली आहे आणि पान उलटले की त्याचा एखादा तुकडा हातात येतो. वहीचे आयुष्य सरत आलेले, आणि तीतल्या शब्दांचा अर्थ सांगू शकणाऱ्या एकुलत्या एका व्यक्तीची दृष्टीही सरत आलेली! या दोहोंच्या आधी वही उतरवून घ्यायची, हा आमचा निश्चय झाला.

प्रथम आम्ही सकाळच्या उजेडात, खिडकीशी वही धरून, प्रत्येक पानाचे मोबाईलवर छायाचित्र घेतले. त्यामुळे मूळ वहीला पुन्हा पुन्हा हात लावण्याचे कारण उरले नाही. पुढे ती पाने पाहून मजकूर संगणकावर टंकित करायचा होता. येथे एका पडद्याची अडचण ध्यानात आली. पडद्यावर पानाचे चित्र उघडावे, तर टंकनाचा कागद त्याच्यामागे दडतो. टंकनाचा कागद पुढे आणावा, तर पान दडते. दोन्ही निम्म्या निम्म्या जागेत बसवावीत, तर आजोबांचे अक्षर मुंगीएवढे होते. मग एक ओळ वाचायची, ती डोक्यात धरायची, खिडकी बदलायची आणि ती उतरवायची. डोक्यातून कागदावर जाईपर्यंत ओळीतले ‘व’ आणि ‘आणि’ यांची अदलाबदल होते, जुने रूप जाऊन तेथे आपल्या सवयीचे रूप येऊन बसते. शिवाय मातोश्रींना त्या मुंगीएवढ्या अक्षरांतले काहीच दिसत नसे, हे निराळेच.

वास्तविक ही अडचण संगणकाने निर्माण केलेली नाही. नकलून घेण्याइतकीच ती जुनी आहे. छापखान्यात खिळे जुळवण्याची पद्धत होती, तेव्हा एक जण मूळ प्रत मोठ्याने वाची आणि मुद्रितशोधक समोरच्या छापील कागदावर बोट ठेवून ताडून पाही. प्रत आणि नक्कल एकाच वेळी दृष्टीसमोर हवीत, हाच त्यातला मर्माचा भाग. आमच्या गोमंतकाला तर याचे महत्त्व विशेष ठाऊक असावे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे रोमन अक्षरांत छापले गेले. त्या पहिल्या आवृत्तीची छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ जगला तो माणसांनी हातांनी उतरवून ठेवलेल्या प्रतींमुळे. आणि १९०७ साली मंगळूर येथे जोसेफ साल्ढाना यांनी हस्तलिखिते ताडून पाहून तो पुन्हा छापला. आमची वही कोठे आणि ते पुराण कोठे! तथापि ताडून पाहण्याचे काम लहान वहीलाही चुकत नाही.

तेव्हा आमच्या नेहमीच्या संगणक दुरुस्तीच्या दुकानातून एक वापरलेला मॉनिटर साडेतीन हजार रुपयांस आणला. साडेएकवीस इंची. ही इंचांची भाषा विद्यार्थ्यांनी समजून घ्यावी. हे माप रुंदीचे नसून एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतच्या कर्णाचे असते. प्रत्यक्ष रुंदी सुमारे पावणेएकोणीस इंच आणि उंची साडेदहा इंच. आडवे १९२० आणि उभे १०८० असे ठिपके. म्हणजे गुणाकाराने २०,७३,६०० ठिपके होतात आणि त्यांतून सारे चित्र उमटते. पायथागोरसचा सिद्धांत ज्यांना रुक्ष वाटतो, त्यांनी घरच्या पडद्याचे कर्ण मोजून पाहावेत.

जोडणीचे काम वाटते तितके गहन नाही. संगणकाच्या मागील बाजूस दोन निरनिराळी छिद्रे होती. एक निळ्या रंगाचे, तीन ओळींत १५ टाचण्यांचे आणि दोन्ही बाजूंस स्क्रू असलेले. त्याला व्हीजीए म्हणतात. ते १९८७ साली प्रचारात आले. दुसरे लहान, चपटे, १९ संपर्कांचे; ते एचडीएमआय, २००२ सालचे. पहिल्यातून चित्र सलग चढउतारणाऱ्या विद्युत्-लहरींच्या रूपाने जाते, दुसऱ्यातून ते आकड्यांच्या रूपाने जाते आणि सोबत आवाजही जातो. जुना पडदा आधीपासून एचडीएमआयवर होता. नव्याने आलेल्या पडद्याला दोन्ही छिद्रे होती. परंतु संगणकात मोकळे उरले होते ते व्हीजीए. म्हणून वयाने थोरल्या तारेला धाकटे काम मिळाले. ज्यांच्या संगणकात चित्रासाठी स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड बसवलेले असते, त्यांनी मात्र दोन्ही तारा त्या कार्डाच्याच छिद्रांत घालाव्यात. बहुधा मूळ पाटीवरची छिद्रे अशा वेळी निद्रिस्त असतात.

तार घातली, वीज दिली आणि पडद्यावर ‘नो सिग्नल’ अशी पाटी झळकली. आमची कन्या पाचवीत शिकते. तिने मॉनिटरच्या खालच्या कडेची कळ दाबून, चित्र कोणत्या तारेतून घ्यावे ते त्याला सांगितले आणि पडदा उजळला. त्यानंतर कळफलकावरची विंडोजची कळ आणि ‘पी’ ही कळ एकत्र दाबली, की चार पर्याय पुढे येतात: केवळ पहिला पडदा, दोहोंवर एकच चित्र, दोहोंचा मिळून एक विस्तृत पडदा आणि केवळ दुसरा पडदा. वर्गात मुलांना चित्र दाखवायचे असेल, तर दोहोंवर एकच चित्र हा पर्याय योग्य. आम्हास हवा होता तो विस्तार. एका बाजूस प्रत आणि दुसऱ्या बाजूस नक्कल.

विस्तार निवडला म्हणजे संपले असे नाही. दुसरा पडदा मेजावर डावीकडे आहे की उजवीकडे, हे संगणकाला आपोआप उमगत नाही. त्याच्या मांडणीत १ आणि २ असे दोन चौकोन दिसतात. ते माऊसने ओढून प्रत्यक्ष जागेप्रमाणे लावावे लागतात. नाही तर उजवीकडे जाणारा बाण कडेला जाऊन अडतो आणि डावीकडून मात्र पलीकडे निघतो. उंचीचेही तसेच. आमचा पडदा आमच्या डोळ्यांच्या रेषेत, किंचित खाली यावा म्हणून जुन्या शालेय वार्षिकांचे दोन बांधीव खंड त्याच्या बुडाशी ठेवले. मातोश्री बसतात त्या आरामखुर्चीत. त्यांचे डोळे खालच्या पातळीवर येतात. म्हणून दुसरा पडदा खंडांविना मेजावरच ठेवला आणि त्यांच्या बाजूस थोडा वळवला. मग संगणकातला दुसरा चौकोनही थोडा खाली ओढला. खिडकीचा उजेड पडद्यावर चमकू नये म्हणून मेज फिरवून खिडकी बाजूला येईल असे केले. या साऱ्याला एक रविवार लागला.

आता दुसऱ्या पडद्यावर वहीचे पान चढले आणि इतके वाढवले गेले, की आजोबांचे एकेक अक्षर सुपारीएवढे झाले. त्यापुढे आम्ही रंग उलटे करून पाहिले. पिवळट कागद काळा झाला आणि शाई पांढरी. काळ्यावर पांढरे अक्षर मातोश्रींच्या डोळ्यांना अधिक मानवते, असे आढळले. “आतां दिसता रे!” त्या म्हणाल्या, आणि थोडे थांबून, “बाबालें अक्षर.” पुढची काही मिनिटे त्या काहीच वाचत नव्हत्या, केवळ अक्षरांकडे पाहत होत्या. आम्हीही घाई केली नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर तासभर आमचे त्रिकूट बसते. मातोश्री दुसऱ्या पडद्यावर वाचतात, आम्ही पहिल्यावर टंकित करतो आणि कन्या माऊसचा बाण ओळीखाली धरून ओळ चुकू देत नाही. पान पुरे झाले, की ती टंकित मजकूर मोठ्याने वाचते आणि आजी ऐकून पसंतीची मान डोलावते. पूर्वीच्या संध्याकाळी एक पान होत असे, आता तीन होतात. परंतु वेगाहून मोलाची गोष्ट निराळी आहे. एका पानावर ‘पुर’ एवढी सुरुवात आणि ‘तास’ एवढा शेवट शाबूत होता, मधला भाग शाईने गिळलेला. पुढे रक्कम होती. त्या काळातली गोवेकरी घरे ज्याला अपरिचित आहेत, अशा माणसाने तेथे ‘पुरोहितास’ असे वाचले असते, आणि व्याकरणाने त्याला दोषही दिला नसता. आम्ही जागा मोकळी ठेवली होती. मातोश्रींनी मात्र पानाचा महिना वैशाख पाहिला आणि म्हणाल्या, की हे पुरुमेंत. पावसाळा लागण्यापूर्वी घरात भरून ठेवायची बेगमी, ती पुरुमेंत. मूळ शब्द पोर्तुगीज. आमच्या कोंकणीने तो आपला करून घेतला. मग मीठ, मिरची, सोलां, सुकी मासळी, उकडे तांदूळ कोठे आणि कसे ठेवीत, कोणत्या मडक्याला राखेचा थर देत, हे सारे त्यांनी सांगितले. ते आम्ही पानाच्या तळाशी टीप म्हणून लिहून ठेवले. वहीत एक शब्द होता. मातोश्रींजवळ त्या शब्दाचे सारे कोठार होते.

दुसरा प्रसंग पैशांचा. वहीच्या आरंभी जमाखर्चाचे दोन रकाने आहेत, रुपये आणि तांग. १६ तांगांचा १ रुपया होई. पुढे आकडे एकाएकी फुगतात. जो माल पूर्वी दोन रुपयांस येई, तो १२ ला येऊ लागतो. महागाई म्हणावी, तर धान्यापासून मजुरीपर्यंत सारेच एका रात्रीत सहापट कसे झाले? १९५८ साली पोर्तुगीज सरकारने गोव्यातील रुपिया बंद करून एस्कुद हे चलन आणण्याचे ठरवले आणि १ रुपियास ६ एस्कुद असा दर बांधला. हे इतिहासातून कळले. पण रकान्याच्या माथ्यावरचे पुसट ‘ए.’ हे अक्षर आणि मागील पानावरचे ‘रु.’ ही दोन्ही एकाच वेळी समोर ठेवली, तेव्हाच त्याचा उलगडा झाला. तेव्हा सात-आठ वर्षांच्या असलेल्या मातोश्रींना, नव्या नाण्यांची गणती बोटांवर घालणारी आपली आई आठवली.

भाषेचीही एक गंमत वहीत पदोपदी दिसते. आजोबा घरात कोंकणी बोलत आणि वही मराठीत लिहीत. मराठी वाक्य सरळ चालले असताना जेथे घरगुती जिव्हाळ्याचा शब्द हवा, तेथे कोंकणी शब्द हळूच येऊन बसतो. आमचे स्वतःचेही असेच आहे. घरात कोंकणी, शाळेत मराठी, बाजारात कानडी. कोणी विचारतात, यांतली तुमची खरी कोणती? घड्याळांचा न्याय भाषांना लागू नाही, एवढेच आम्ही सांगतो. ज्या स्टीफन्सनी मराठी पुराण रचले, त्यांनीच कोंकणीचे व्याकरणही लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली छापले गेले. एक भाषा जवळ केल्याने दुसरी दूर लोटावी लागत नाही. वही उतरवताना आम्ही आजोबांचा कोंकणी शब्द बदलून तेथे शुद्ध मराठी शब्द घातला नाही. जसा आहे तसाच ठेवला. अक्षरांची हीच काळजी घ्यावी लागते. उत्सवाच्या खर्चात ‘आचाऱ्यास २ रुपये’ अशी नोंद आहे. त्यातल्या अर्ध्या ‘र’चे रूप जरा बदलले, की ‘आचार्यास’ होते आणि स्वयंपाक करणाऱ्याची मजुरी थेट गुरुजींच्या खिशात जाते! टंकित अक्षरे दीडपट मोठी करून पाहिल्याशिवाय हा भेद सहज दिसत नाही.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. डोळे दोन म्हणून पडदे दोन, हे खरे नव्हे. हात लांब करून आंगठा उभा धरावा. त्याच्या नखाएवढ्या जागेतच आपल्याला एका वेळी अगदी स्पष्ट दिसते. बाकीचा देखावा पुसट असतो आणि डोळे भराभर फिरवून आपण तो भरून काढतो. म्हणजे मेजावर ठिपके २० लाखांचे ४१ लाख झाले, तरी आपले स्पष्ट पाहणे नखाएवढेच राहते. आणि लक्ष तर त्याहूनही एकमार्गी. म्हणून विद्यार्थिमित्रांनो, एका पडद्यावर क्रिकेटचा सामना आणि दुसऱ्यावर बीजगणित लावून दोन्ही साधतील, असा भ्रम बाळगू नका. लक्ष वाटले जात नाही. ते इकडून तिकडे उड्या मारते आणि प्रत्येक उडीत थोडे सांडते. दुसरा पडदा दोन कामांसाठी नाही; एकाच कामाच्या दोन बाजू जवळ आणण्यासाठी आहे. डोळ्यांनाही विश्रांती द्यावी. दर २० मिनिटांनी २० फूट दूरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे, असे नेत्रवैद्य सांगतात. आमच्या घरात त्या २० सेकंदांत मातोश्री खिडकीबाहेरच्या शेवग्याकडे पाहतात आणि बहुधा त्याच वेळी त्यांना वहीत नसलेले काहीतरी आठवते.

आजवर ८३ पाने पुरी झाली आहेत. ६१ राहिली आहेत. अक्षरे गेल्या वर्षी सुपारीएवढी पुरत, आता त्यांना लिंबाएवढी करावी लागतात. एका वेळी पडद्यावर चारच शब्द मावतात आणि मातोश्री मान थोडी वाकडी करून, नजरेच्या कडेने ते टिपतात. कधी तेही जमले नाही, तर कन्या अक्षरांची वळणे तोंडाने सांगते, “आजी, आधी काना आहे, मग वेलांटीसारखे काहीतरी,” आणि आजी डोळे मिटून शब्द सांगतात. तो बहुतेक वेळा बरोबर निघतो. दोघींची ही जोडी जमली आहे. आमच्याकडे आता केवळ टंकनाचे काम उरले आहे, आणि त्यात आम्हास कमीपणा वाटत नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशी एखादी वही, पत्रांची चळत, पंचांगाच्या मागे लिहिलेली यादी असेल. ती वाचू शकणारे माणूसही घरात असेल. पडदा एक असो, दोन असोत, की मुळीच नसो; उजेडाची जागा पाहून त्या माणसाशेजारी बसावे आणि अक्षर मोठे करून त्याच्या समोर धरावे. आमच्या घरी उद्याचे पान १९६० सालच्या श्रावणाचे आहे. मातोश्रींनी आजच बजावून ठेवले आहे, की त्या वर्षी मोठा पूर आला होता, तेव्हा पान लवकर लावा.